सत्ता अल्लाहची, सत्ता जनतेची... आणि बाईची?

(ढोकी, जि. धाराशिव येथे महिला कार्यकर्त्यांच्या अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रिकेत माझ्या भाषणाचा विषय 'इस्लामी आणि पाश्चात्त्य राज्यविचारातील सत्तेची संकल्पना' असा छापलाय. मघाशी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, हे आमच्या काय कामाचं?" प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे येणारी प्रकरणं असतात नवऱ्यानं टाकल्याची, पोटगीची, सातबाऱ्यावर नाव नसल्याची. पण ह्या प्रत्येक प्रकरणात कोणीतरी समोर उभा राहून सांगतो, 'आमच्यात हे असंच असतं' किंवा 'कायद्यात तुम्हाला तसं मागता येत नाही.' म्हणजे तो कुठल्यातरी मोठ्या अधिकाराचं नाव पुढे करत असतो. कधी धर्माचं, कधी सरकारचं. तो अधिकार आला कुठून आणि त्याच्या नावानं बोलायची मुभा ह्याला कोणी दिली, हे आपण विचारायला लागलो की राज्यशास्त्राचा हा जुना प्रश्न आपल्या अंगणात येतो.

आणि हा विषय लांबचा मुळीच नाही. आपण बसलोय ती ढोकी १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. येडशी ओलांडून बार्शीकडे गेलं की इंग्रजी मुलूख लागायचा. इकडे मुरूडवरून पुढे गेलं की लातूर. तेही तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातच होतं. सातव्या निजामाच्या, मीर उस्मान अली खानाच्या नावानं जिल्हा ओळखला जायचा. २०२३ पासून सरकारी कागदावर तो धाराशिव झाला. 'राज्य कोणाचं' हा प्रश्न ह्या भागानं पुस्तकात वाचलेला नाही, अंगावर घेतलेला आहे.

दोन विचार, दोन्हींत बाई गैरहजर

आधी दोन्ही विचार साध्या भाषेत मांडते.

इस्लामी विचारात अंतिम सत्ता अल्लाहची. माणूस त्याचा प्रतिनिधी, खलिफा. राज्य ही मालकी नव्हे, सोपवलेली ठेव आहे, अमानत आहे. राज्यकर्ता कायदा निर्माण करत नाही. कायदा आधीपासून आहे, त्यानं तो अमलात आणायचा. लोकांनी त्याच्याशी निष्ठेचा करार करायचा, त्याला बैअत म्हणतात. त्यानं सल्लामसलतीनं कारभार करायचा, त्याला शूरा म्हणतात. अकराव्या शतकात बगदादच्या अल-मावर्दीनं राज्यकारभाराच्या नियमांवर मोठा ग्रंथ लिहिला. खलिफाच्या अंगी न्यायबुद्धी हवी, ज्ञान हवं, धैर्य हवं, अशा सात अटी त्यानं घातल्या. तो पुरुषच असणार हे त्यात गृहीतच होतं.

ह्या विचाराचा एक भाग मात्र आपण नीट समजून घ्यायला हवा. शरीयतचा अर्थ लावायचं काम राजाचं नव्हतं, ते विद्वानांचं होतं. आपल्याकडचे बहुसंख्य मुसलमान ज्यांच्या पंथाचे आहेत त्या इमाम अबू हनीफांनी खलिफानं देऊ केलेलं काजीपद नाकारलं, त्यापायी त्यांना तुरुंगवास भोगावा लागला, असं परंपरा सांगते. म्हणजे राजाच्या वर कायदा आहे, आणि तो कायदा राजाच्या खिशात नाही, ही कल्पना त्या विचारात पक्की होती. तेराशे वर्षांपूर्वी ही लहान गोष्ट नव्हती.

आता पाश्चात्त्य विचार. युरोपातही आधी राजा देवाच्या नावानंच राज्य करायचा. धर्मयुद्धांत माणसं मेली, राजाची मुंडकी उडाली, आणि त्यातून नवे प्रश्न उभे राहिले. हॉब्जनं १६५१ मध्ये सांगितलं की माणसं भीतीपोटी आपली सत्ता एका राजाच्या हवाली करतात. लॉकनं १६८९ मध्ये म्हटलं की सत्ता लोकांच्या संमतीवर उभी असते, राजानं विश्वास मोडला तर ती काढून घेता येते. रूसोनं १७६२ मध्ये सार्वभौमत्व थेट जनतेचं ठरवलं. माँतेस्क्यूनं सांगितलं की कायदा करणारा, राबवणारा आणि न्याय देणारा एकच असू नये. ह्या सगळ्यातून लिखित राज्यघटना आली, मूलभूत हक्क आले.

दोन्हींत फरक मोठा आहे. एकात कायदा वरून आलेला आहे, माणसानं त्याचा अर्थ लावायचा. दुसऱ्यात कायदा माणसांनी केलेला आहे आणि माणसांना तो बदलता येतो. ज्या बाईला नियम बदलून हवा आहे तिच्यासाठी हा फरक फार महत्त्वाचा आहे.

पण लगेच 'ते मागासलेले, हे पुढारलेले' असा निकाल लावू नका. ज्या रूसोनं जनतेला सार्वभौम केलं, त्यानंच त्याच वर्षी शिक्षणावरच्या ग्रंथात बाईला पुरुषाच्या सुखासाठी घडवायचं ठरवलं. फ्रेंच क्रांतीनं १७८९ मध्ये माणसाच्या हक्कांचा जाहीरनामा काढला. ओलांप द गूज ह्या लेखिकेनं १७९१ मध्ये स्त्रीच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला, आणि १७९३ मध्ये तिचा शिरच्छेद झाला. फ्रान्सच्या बायकांना मताचा हक्क मिळायला १९४४ साल उजाडलं, स्वित्झर्लंडच्या बायकांना देशपातळीवर १९७१. इंग्लंडमध्ये लग्न झालं की बाईची मिळकत नवऱ्याची व्हायची. ती तिची स्वतःची राहावी म्हणून १८७० आणि १८८२ मध्ये कायदे करावे लागले. शरीयतमध्ये मात्र लग्न झालेल्या बाईची मालमत्ता तिचीच असते, मेहेर तिचा असतो, वडिलांच्या मालमत्तेत हिस्सा असतो. तो मुलाच्या निम्मा असतो, ही विषमता आहेच. पण ठरलेला हिस्सा आहे. आपल्या महाराष्ट्रात हिंदू मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क १९९४ मध्ये मिळाला, देशभर २००५ मध्ये.

तेव्हा दोन्ही विचारांना माझा प्रश्न एकच आहे. अल्लाहची सत्ता म्हटली तर अल्लाहच्या वतीनं बोलतो कोण? जनतेची सत्ता म्हटली तर जनतेत मोजतात कोणाला? दोन्हीकडे शेकडो वर्षं उत्तर एकच होतं, पुरुष.

खलिफा उमर ह्यांची एक गोष्ट सांगितली जाते. बायका फार मेहेर मागतात म्हणून त्यावर मर्यादा घालायचं त्यांनी मशिदीत जाहीर केलं. तेव्हा मागून एक बाई उठली आणि म्हणाली, कुराणानं जे आम्हाला दिलं ते काढून घेणारे तुम्ही कोण? उमर थांबले आणि म्हणाले, बाईचं बरोबर आहे, उमर चुकला. ही गोष्ट वाअजमध्ये मोठ्या अभिमानानं सांगतात, आणि सांगावीच. फक्त ती सांगणाऱ्याला आपण विचारायचं की त्या बाईनं आज उठून बोलायचं ठरवलं तर तिला मशिदीत उभं राहायला जागा कुठे आहे? आणि हिंदू मैत्रिणींनीही विचारायचं, आपल्या ग्रामसभेत, आपल्या भावकीच्या बैठकीत ती जागा कुठे आहे?

ह्याच मातीतला वाद

आता आपल्या भागाकडे येऊ.

निजामाचं राज्य इस्लामी राज्य होतं का? मावर्दीच्या कसोटीनं पाहिलं तर मुळीच नाही. ती एक घराणेशाही होती, मोगलांच्या सुभेदारीतून निघालेली आणि इंग्रजांच्या मेहेरबानीनं टिकलेली. तिथे शूरा नव्हती, बैअत दरबारी नजराण्यापुरती होती. १९३९ मध्ये राजकीय सुधारणांचा विषय निघाला तेव्हाची सरकारी भूमिका ऐकण्यासारखी आहे. राज्याचा प्रमुख स्वतःच प्रजेचा खरा प्रतिनिधी आहे, निवडून येणारे आज आहेत उद्या नाहीत, त्याचं नातं कायमचं आहे, असा तो युक्तिवाद होता. म्हणजे युरोपातली 'जनतेची सार्वभौमता' घ्यायची आणि ती राजाच्या अंगात घालायची!

दुसरीकडे इत्तेहादुल मुसलमीननं निराळाच सिद्धांत काढला, 'अनल मलिक', मीच राजा. हैदराबादेतला प्रत्येक मुसलमान हा राज्याचा मालक आहे आणि निजाम त्या मालकीचं प्रतीक आहे, असा त्याचा अर्थ. संस्थानात मुसलमान होते साधारण आठवा हिस्सा. उरलेली जनता मालकीतून बाहेर. १९४६ मध्ये ह्या संघटनेचा अध्यक्ष झाला कासिम रझवी, आपल्या लातूरला वकिली करणारा. त्याच्या रझाकारांनी ह्या गावांत काय केलं ते तुमच्या आज्यांनी सांगितलं असेल.

ह्या 'अनल मलिक'मध्ये अल्लाहची सत्ता कुठे होती? इस्लामी विचाराचं पहिलं वाक्यच असं की मालक अल्लाह आहे, माणूस नाही. इथे तर जमात मालक झाली. ही कल्पना कुराणातली नव्हती, ती विसाव्या शतकातल्या राष्ट्रवादातली होती, 'हे राज्य आमच्या लोकांचं' म्हणणारी. आणि ह्या मालकांमध्ये तांबोळ्याची, पिंजाऱ्याची, शेतावर राबणाऱ्या गरीब मुसलमानाची बायको कुठे होती? राजा म्हणून तिचं नावही कोणी घेतलं नव्हतं.

समोर हैदराबाद स्टेट काँग्रेसचा लढा होता. ह्याच जिल्ह्यातल्या हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिक्षक राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ त्याचे नेते. त्यांची मागणी होती जबाबदार राज्यपद्धतीची, सत्ता लोकांची असावी ह्याची. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत आल्या, १७ तारखेला निजामानं शरणागती दिली. तो दिवस आपण दर वर्षी मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून साजरा करतो, आणि करायलाच हवा.

पण त्यानंतरच्या आठवड्यांबद्दल आपण बोलत नाही. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी ह्यांना पाहणीसाठी पाठवलं. कारवाईच्या काळात आणि नंतर किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा त्यांचा अंदाज. मेलेल्यांत बहुसंख्य मुसलमान होते. सर्वांत जास्त झळ पोचलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले, उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. बायकांवरचे बलात्कार आणि पळवापळवी त्यांनी नोंदवली. आपल्या मुसलमान शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणारे हिंदूही त्यांना भेटले, तेही त्यांनी लिहिलं. हा अहवाल सरकारनं कित्येक दशकं प्रसिद्ध केला नाही.

रझाकारांनी बायका बाटवल्या ते 'मालका'च्या नावानं. सप्टेंबरनंतर बायका लुटल्या गेल्या त्या 'जनते'च्या नावानं. हे मी दोन पापांची बेरीज-वजाबाकी करायला सांगत नाही. सत्ता एका जमातीची झाली की दुसऱ्या जमातीच्या बाईचं शरीर हा त्या सत्तेचा पहिला मुलूख होतो, हे आपल्याच जिल्ह्यानं दोन महिन्यांच्या अंतरानं दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. म्हणून राज्य 'आमच्या लोकांचं' असावं असं कोणीही म्हणालं, कुठल्याही झेंड्याखाली म्हणालं, की आपण बायकांनी कान टवकारायचे.

एकाच वर्षातली दोन उत्तरं

१९४९ हे वर्ष लक्षात ठेवा. १२ मार्चला कराचीत पाकिस्तानच्या घटना समितीनं उद्दिष्टांचा ठराव केला. त्याचं पहिलं विधान असं की विश्वाची सार्वभौम सत्ता अल्लाहची आहे, आणि ती त्यानं पाकिस्तानच्या जनतेमार्फत राज्याला सोपवली आहे. ह्या मांडणीमागे ज्यांचा विचार मोठा होता ते मौलाना अबुल आला मौदूदी आपल्या मराठवाड्यातले. १९०३ मध्ये औरंगाबादला जन्मलेले, निजामी राज्यात वाढलेले. त्यांनी 'हाकिमियत' हा शब्द केंद्रस्थानी आणला. ते म्हणत, खिलाफत एका घराण्याची नाही, सगळ्या श्रद्धावंतांची आहे. ऐकायला लोकशाहीसारखं वाटतं. पण कायदा बदलायचा हक्क त्या श्रद्धावंतांना नव्हता, श्रद्धावंत नसलेल्यांना मोठ्या पदांवर जागा नव्हती, आणि बायकांचं क्षेत्र घर. तरी गंमत बघा, १९६५ च्या निवडणुकीत अयुब खानांविरुद्ध उभ्या राहिलेल्या फातिमा जिना ह्यांना मौदूदींच्या जमाते इस्लामीनं पाठिंबा दिला. सत्तेची गरज पडली की अर्थ लावणारे अर्थ बदलतात. मग बाईच्या गरजेसाठी तो का बदलू नये?

त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला दिल्लीत आपल्या घटना समितीपुढे उद्देशिका आली. ह. वि. कामत ह्यांनी सुचवलं की सुरुवात 'ईश्वराच्या नावानं' करावी. मतदान झालं, बाजूनं ४१, विरोधात ६८. देव हरला म्हणून कोणी हसू नका. त्या दिवशी पूर्णिमा बॅनर्जी ह्यांनी विनंती केली होती की ईश्वरासारख्या पवित्र गोष्टीवर मतदान करायची वेळ आमच्यावर आणू नका. सत्ता जनतेकडून येते हे स्पष्ट लिहावं म्हणून त्याच दिवशी दुरुस्ती मांडणाऱ्याही त्याच होत्या. बाई धार्मिक असू शकते आणि तरीही राज्य देवाच्या नावानं चालू नये असं म्हणू शकते, हे मला त्यांच्यात दिसतं.

आणि पुढच्याच महिन्यात, नोव्हेंबर १९४९ मध्ये, निजामानं फर्मान काढून तीच राज्यघटना हैदराबादला लागू होईल असं मान्य केलं. ढोकीची बाई कागदावर तरी रयतेची नागरिक झाली ती अशी.

उंबरठ्यापाशी थांबलेली घटना

पण ती पुरती नागरिक झाली का?

१९५१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात नरसू अप्पा माळी ह्याचा खटला आला. हिंदू पुरुषाला दुसरं लग्न करायला बंदी घालणारा मुंबई प्रांताचा १९४६ चा कायदा होता. मुसलमानाला बंदी नाही, मग मलाच का, असं गाऱ्हाणं होतं. न्यायमूर्ती छागला आणि न्यायमूर्ती गजेंद्रगडकर ह्यांनी कायदा वैध ठरवला, ते चांगलंच झालं. पण त्याच निकालात असंही म्हटलं गेलं की व्यक्तिगत धर्मकायदे हे घटनेतल्या 'कायदा' ह्या शब्दात बसत नाहीत, म्हणून ते मूलभूत हक्कांच्या कसोटीवर तपासता येत नाहीत. म्हणजे सत्ता जनतेची, राज्यघटना सर्वोच्च, पण ती उंबरठ्यापर्यंत. आत लग्न, तलाक, वारसा ह्यांत राज्य धर्माचं. मतदान केंद्रावर समान असलेली बाई घरात शिरली की पुन्हा रयत होते. आणि हे फक्त मुसलमान बाईचं नाही. एका हिंदू नवऱ्याला दुसरी बायको करता यावी ह्या वादातून निघालेलं हे तत्त्व सगळ्याच धर्मांच्या बायकांना लागू झालं.

मुसलमान बाईला ह्याचा फटका जास्त बसला. २३ एप्रिल १९८५ ला सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड ह्यांच्या खंडपीठानं शाहबानोला पोटगीचा हक्क दिला. रक्कम किती, तर महिना १७९ रुपये २० पैसे. तेवढ्यावरून देश पेटला. १९८६ मध्ये संसदेनं नवा कायदा करून पोटगीचा रस्ता अडवला. त्यात अल्लाहची सत्ता मानणाऱ्यांचा जोर होता, तसा मतांची गणितं मांडणाऱ्या 'जनतेच्या सत्ते'चाही होता. एक धर्माच्या नावानं बोलला, दुसरा बहुमताच्या नावानं. शाहबानोला मात्र कोणी विचारलं नाही.

बायका गप्प बसल्या नाहीत. त्याच्याही आधी, १८ एप्रिल १९६६ ला, हमीद दलवाईंच्या पुढाकारानं सात मुसलमान स्त्रिया मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या. फक्त सात! १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघालं. नंतर आवाज-ए-निस्वान, भारतीय मुस्लिम महिला आंदोलन अशा संघटना उभ्या राहिल्या. आणि न्यायालयातही हळूहळू दार उघडलं. २००१ मध्ये दानियल लतीफी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९८६ च्या कायद्याचा असा अर्थ लावला की नवऱ्यानं इद्दतीच्या मुदतीत बायकोच्या पुढच्या आयुष्याची वाजवी तरतूद करायची. २००२ मध्ये आपल्या औरंगाबाद खंडपीठात दगडू पठाण विरुद्ध रहिमबी ह्या खटल्यात पूर्णपीठानं सांगितलं की 'मी तलाक दिला' असं लेखी उत्तरात नुसतं लिहून चालणार नाही. कारण द्यावं लागेल, समेटाचा प्रयत्न झाला हे सिद्ध करावं लागेल. आणि हे न्यायाधीशांनी शरीयतच्याच आधारानं सांगितलं.

आता २२ ऑगस्ट २०१७ चा शायरा बानो निकाल. एका बैठकीतला तिहेरी तलाक रद्द झाला, तीन विरुद्ध दोन अशा मतांनी. खंडपीठावर पाच धर्मांचे पाच न्यायाधीश होते, स्त्री एकही नव्हती. पण त्या तिघांकडे नीट पाहा. न्यायमूर्ती नरिमन आणि ललित म्हणाले की हा तलाक मनमानी आहे, घटनेच्या समानतेच्या कलमात बसत नाही. न्यायमूर्ती कुरियन जोसेफ ह्यांनी ती वाट घेतली नाही. ते म्हणाले, हा तलाक कुराणाच्याच विरुद्ध आहे, जे धर्मात वाईट ते कायद्यात चांगलं कसं असेल? म्हणजे दोन मतं राज्यघटनेच्या कसोटीची आणि एक मत कुराणाच्या कसोटीचं. त्यांची बेरीज झाली तेव्हा बाई सुटली. नुसत्या एका कसोटीवर त्या दिवशी बहुमत झालं नसतं.

माझ्या आजच्या सगळ्या बोलण्याचं सार मला ह्या बेरजेत दिसतं. बाईला दोन्ही वाटा मोकळ्या हव्यात. घटनेची वाट तिचा हक्क म्हणून, कारण ती ह्या देशाच्या सत्तेची भागीदार आहे. आणि धर्माची वाटही तिचा हक्क म्हणून, कारण ग्रंथ जितका मौलवीचा आहे तितकाच तिचाही आहे. धर्म बदलत नाही असं कोणी म्हणालं तर १९३९ चा मुस्लिम विवाहविच्छेद कायदा दाखवा. हनफी पंथात बाईला लग्नातून सुटायला जवळपास वाट नव्हती. काही बायका सुटकेसाठी धर्मच सोडायला लागल्या. तेव्हा देवबंदच्या मौलाना अशरफ अली थानवींसारख्या उलेमांनी मालिकी पंथातली कारणं उचलली आणि त्यावर कायदा झाला. नवरा चार वर्षं बेपत्ता, दोन वर्षं खावटी नाही, ही कारणं तिथून आली. अर्थ लावता येतो. प्रश्न एवढाच की लावायला बसतं कोण.

म्हणून एकच कायदा सगळ्यांना लावा म्हणणाऱ्यांनाही माझा तोच प्रश्न आहे. कायदा सारखा असेल, पण न्याय्य असेल का? तो लिहायला कोण बसलंय? मुसलमान बाईला त्यात स्थान आहे की तिच्या नावानं तिच्या वस्तीला धडा शिकवायचा आहे?

आपल्या हातातलं काम

हे सगळं ऐकून घरी गेल्यावर करायचं काय, ते सांगते आणि थांबते.

पोटगीसाठी आलेल्या मुसलमान बाईला कोणी 'तुला तो कायदा लागू नाही' म्हणाला तर ऐकू नका. १० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं पुन्हा स्पष्ट केलं आहे की तलाकशुदा मुसलमान बाईलाही फौजदारी कायद्याखाली पोटगी मागता येते. जुनं कलम १२५ आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम १४४ झालं आहे, एवढं अर्ज लिहिताना ध्यानात ठेवा. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना आहे. २०१९ च्या कायद्यानं तिहेरी तलाक गुन्हा ठरवला, त्यात नवऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ती तक्रार करायची की नाही हे त्या बाईनं ठरवायचं, आपण तिच्यावर लादायचं नाही. नवरा आत गेला तर घरात खाणार काय, हा प्रश्न तिचा असतो. त्याच कायद्यात तिला निर्वाह भत्ता आणि मुलांचा ताबा मागता येतो, हे मात्र तिला आवर्जून सांगा.

निकाह ठरताना निकाहनामा वाचा. त्यात अटी घालता येतात. काही अटी मोडल्या तर बायको स्वतः तलाक घेऊ शकेल असा अधिकारही नवरा तिला त्यात लिहून देऊ शकतो, ही शरीयतनं मान्य केलेली सोय आहे. मेहेर किती, दिला की नुसता लिहिला, हे विचारा. आणि वारशाचं बोलणं निघालं की 'शरीयतप्रमाणे' म्हणणाऱ्या भावालाच विचारा, शरीयतप्रमाणे बहिणीचा हिस्सा कुठे आहे? १९३७ चा शरीयत कायदा झाला तेव्हा शेतजमिनीचे प्रश्न त्यातून वगळले गेले, हेही माहीत असू द्या. सत्ता अल्लाहची म्हणणाऱ्यांचा हात जमिनीपाशी आला की थबकला होता. हिंदू घरांतही 'हक्कसोड पत्रावर सही कर, माहेर तुटेल' हेच चालतं.

शेवटी आपल्या गावचं. महाराष्ट्रात पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. पण किती गावांत सरपंचबाईच्या खुर्चीशेजारी तिचा नवरा बसतो आणि बोलतो? तोही म्हणत असतो, 'मी हिच्या वतीनं बोलतो.' खलिफा म्हणाला, मी अल्लाहच्या वतीनं बोलतो. निजाम म्हणाला, मी प्रजेच्या वतीनं बोलतो. रझवी म्हणाला, मी जमातीच्या वतीनं बोलतो. ह्या 'वतीनं'शी आपलं भांडण आहे. ते दिल्लीत जसं लढायचं तसं येत्या ग्रामसभेत लढायचं. पुढच्या ग्रामसभेची तारीख तुमच्यापैकी प्रत्येकीनं आज विचारून घ्या, आणि प्रत्येक गावातून किमान सातजणी एकत्र जा. १९६६ मध्येही सातच होत्या.